नागपुरात ऑटिझमची मुलं वाढली, की चिठ्ठ्या वाढल्या?

आकडेमोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

हल्ली एक वाक्य सारखं कानावर पडतं: "नागपुरात ऑटिझमची (स्वमग्नतेची) मुलं फार वाढली." शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणतात, रामदासपेठेतले बालरोगतज्ज्ञ म्हणतात, आणि फुटाळ्यावर फिरायला येणारे आम्ही पेन्शनरही म्हणतो. माझी उभी हयात सरकारी आकडेवारीत गेली. त्यामुळे "फार" म्हणजे किती आणि कशाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही.

मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानचं एम्स, दिव्यांगांसाठीचं सरकारी सीआरसी केंद्र, शिवाय धंतोलीतली खासगी सेंटरं, या सगळ्यांकडे येणारी मुलं वाढली असतील, त्यावर माझा वाद नाही. पण ओपीडीच्या रजिस्टरातली एक नोंद नेमकं काय सांगते? कोणाला तरी शंका आली, कोणी तरी तपासणीला पाठवायची चिठ्ठी लिहिली, आईबापाला यायला जमलं, आणि इथे तपासणारं माणूस जागेवर होतं. एवढं सगळं जुळलं तर एक ओळ लिहिली जाते. यातलं काहीही बदललं की ओळी वाढतात किंवा कमी होतात. ऑटिझम असलेली मुलं मात्र तेवढीच असू शकतात.

त्यात नागपूरच्या रजिस्टरात फक्त नागपूरची मुलं नसतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, पलीकडून छिंदवाडा, शिवनी, बालाघाट. मग प्रमाण काढताना छेदात कुठली लोकसंख्या धरायची?

हा घोळ आपल्याकडचाच आहे असं नाही. डेन्मार्कमध्ये 1994 साली निदानाचे निकष बदलले आणि 1995 पासून बाह्यरुग्ण विभागातली निदानंही राष्ट्रीय नोंदवहीत धरू लागले. 1980 ते 1991 दरम्यान जन्मलेल्या मुलांच्या नोंदी तपासून 2015 मध्ये जो अभ्यास छापून आला, त्यात दिसलं की वाढीतला सुमारे 60 टक्के भाग या दोन बदलांनीच समजावता येतो. त्याच वर्षी स्वीडनमधल्या अभ्यासात आढळलं की मुलांमधली लक्षणं दहा वर्षांत जवळपास तेवढीच राहिली, नोंदवलेली निदानं मात्र चढत गेली.

तर या क्षेत्रातल्या लोकांनी आणि पालकांनी सांगावं, आपल्याकडे नक्की काय वाढलंय?

धंतोलीकर

काका, आकडे राहू द्या. कारण सरळ आहे, मोबाइल. कोविडात जन्मलेली पोरं घरात कोंडली गेली, हातात फोन आला, बोलणं बंद झालं. याला व्हर्च्युअल ऑटिझम म्हणतात. फोन काढून घ्या, पोरगं तीन महिन्यांत बोलतं. आमच्या ओळखीत झालंय. आणि अमेरिकेत 31 मुलांमागे एक झालाय म्हणे. आमच्या लहानपणी महालातल्या अख्ख्या वाड्यात एक तरी होता का असा?

खिडकीजवळची

होता हो. त्याला वेडा म्हणायचे, आणि पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवायचे.

ओपीडी_नंबर_पाच

मी बालरोगतज्ज्ञ. धंतोलीकर, तुमच्या पोस्टमधल्या गोष्टी सुट्या करून बघू.

आधी ते 31. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने एप्रिल 2025 मध्ये दिलेला हा आकडा आहे, 2022 साली आठ वर्षांच्या असलेल्या मुलांचा. 2000 सालच्या मोजणीत तो 150 मुलांमागे एक होता. पण त्याच अहवालाचा पुढचा भाग व्हॉट्सअॅपवर कोणी पाठवत नाही. टेक्ससमधल्या लॅरेडोत हजारी 9.7 आणि कॅलिफोर्नियातल्या केंद्रात हजारी 53.1. देश एक, वर्ष एक, फरक पाचपटीहून जास्त. मुलांच्या मेंदूत एवढा फरक कसा पडेल? फरक तपासणाऱ्या यंत्रणेत आहे. थोडक्यात, आकडेमोड यांचाच मुद्दा.

निकषांचंही तेच. डीएसएम म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांचं निदानाचं पुस्तक. त्याच्या 1994 च्या चौथ्या आवृत्तीत, डीएसएम-4 मध्ये, अॅस्पर्गर हा ऑटिझमच्या जवळचा सौम्य प्रकार आला. 2013 च्या डीएसएम-5 ने सगळं एका स्पेक्ट्रममध्ये घेतलं आणि एडीएचडी (अतिचंचलता) व ऑटिझम ही दोन्ही निदानं एकाच मुलाला द्यायला मोकळीक दिली. त्याआधी एक लिहिलं की दुसरं लिहिता येत नव्हतं. पूर्वी आम्ही "मतिमंद", "चंचल", "हट्टी" असं लिहून सोडायचो, ती मुलं आता योग्य रकान्यात येतात. ही वाढ मला चांगलीच वाटते.

आता व्हर्च्युअल ऑटिझम. हे निदान डीएसएम-5 मध्ये नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या यादीतही नाही. तासन्‌तास स्क्रीनपुढे बसवलेलं मूल उशिरा बोलतं, नजर देत नाही, आणि फोन काढून घरच्यांनी बोलायला, खेळायला घेतलं की सुधारतं. हे मीही बघतो. पण त्या मुलाला ऑटिझम नव्हताच. उलटही घडतं. ज्या मुलाला माणसांत रमता येत नाही, ते फोनवरच शांत होतं, म्हणून आई फोन देते, आणि मग सगळे आईलाच धरून बसतात. कोण आधी आणि कोण नंतर, हे फोनकडे बघून कळत नाही.

म्हणून सांगतो, फोन आजच बंद करा आणि तपासणीचा नंबरही आजच लावा. "आधी फोन बंद करून बघू" म्हणत जे महिने जातात, तेच सगळ्यात मोलाचे असतात.

धंतोलीकर

मान्य, पण डॉक्टर, हल्ली प्रत्येक खोडकर पोराला लेबल लावायची फॅशनच झाली आहे की नाही? सेंटरवाल्यांचा धंदा आहे हा. रामदासपेठेत दर दोन इमारतींमागे एक बोर्ड दिसतो.

ओपीडी_नंबर_पाच

धंदा आहे, नाकारत नाही. त्यावर थेरपीवाल्या कोणी लिहितील तर बरं.

खिडकीजवळची

मी मानेवाड्याची. लेबलबद्दल लिहिते.

माझ्या मुलाच्या दुसऱ्या तान्ह्या पोळ्याला वस्तीतली सगळी पोरं लाकडी बैल सजवून ओढत निघाली. आमच्या साहेबांनी बैल आडवा केला आणि चाकं फिरवत बसले. बोजाऱ्याचे, म्हणजे पोळ्याच्या ओवाळणीचे पैसे दिले तर ते बघितलेही नाहीत. लोक कौतुकाने म्हणाले, इंजिनियर होणार. मीही हसले. हाक मारली की वळत नव्हता, पण कुरकुऱ्याची पिशवी फोडली की दुसऱ्या खोलीतून यायचा, म्हणजे ऐकू तर येत होतं. सासूबाईंचं म्हणणं, त्याचा काकाही चार वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता. आमच्या डॉक्टरांनी (नाव घेत नाही) सांगितलं, मुलगे उशिराच बोलतात, शाळेत घाला, आपोआप बोलेल. शाळेने आठवड्यात परत पाठवला.

पुढे कानाची तपासणी, मग आहार, मग एक बाबा, मग एक "मेंदूचा सिरप". निदान झालं तेव्हा तो चार वर्षांचा होऊन गेला होता. आता तुम्ही ज्याला लेबल म्हणता ना, त्या कागदामुळे मला पहिल्यांदा कोणी तरी सांगितलं की याच्याशी कसं खेळायचं. चित्रांचे तक्ते, एका वेळी एकच सूचना, मारबतीच्या दिवशी बडग्यांच्या गोंगाटात न्यायचं नाही आणि न्यायचंच झालं तर कानावर हेडफोन. त्याआधी मी त्याला रागवत होते.

त्या काकांचं म्हणाल, तर ते आज पन्नाशीत आहेत, लग्न नाही, रोज त्याच वेळी त्याच टपरीवर तर्री-पोहे खातात आणि टपरी बंद असली की दिवसभर जेवत नाहीत. ते कुठल्याच रजिस्टरात नाहीत. आकडेमोड काका, यांना कुठे धरणार?

आकडेमोड

ताई, रजिस्टर त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. यालाच आम्ही न मोजलेली शिल्लक म्हणायचो.

काटोलची_ताई

मी अंगणवाडीत आहे, काटोल तालुक्यात. शहरवाल्यांचं वाचून राहिली होती, म्हटलं आपलंही लिहाव.

आमच्याकडे आरबीएसकेची, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, लेकरं तपासणारी गाडी येते. 2013 पासून आहे ही योजना, आपल्या महाराष्ट्रातूनच सुरू झाली. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. त्यांच्या यादीत 30 आजार असतात, त्यात ऑटिझमही आहे. पण एका दिवसात किती लेकरं बघायची असतात ते बघा. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, वाकडा पाय, रक्त कमी, हे दिसतं. शांत बसलेलं लेकरू "गुणी" म्हणून पुढे जाते. रडणारं, चावणारं सापडते.

दुसरी गोष्ट, आशाताई घरी जाते ती बाळ 3, 6, 9, 12 आणि 15 महिन्यांचं असताना. त्यानंतर ठरलेली घरभेट नाही. आणि ट्रेनिंगमध्ये आमाले सांगितलं होतं की ऑटिझमची प्रश्नावली 16 महिन्यांपासून चालते! म्हणजे जेव्हा विचाराले पाहिजे तेव्हाच घरी जाणं थांबते.

चिठ्ठी दिली तरी पोरीचे बाप नेत नाहीत. पोराले नेतात. मजुरी बुडते, एसटीचं भाडं, वरून "माह्या लेकराले येड्याच्या दवाखान्यात काहून पाठवता" म्हणून माझ्याशीच भांडण. मनोरुग्णालयात नाही पाठवत बापा, मेडिकलले पाठवतो, हे समजावण्यात अर्धा दिवस जातो.

ओपीडी_नंबर_पाच

ताई, 15 आणि 16 महिन्यांच्या फटीचं तुम्ही जे लिहिलंत, ते मी कुठल्या परिषदेत ऐकलं नव्हतं. अगदी बरोबर. एम-चॅट ही 20 प्रश्नांची चाचणी 16 ते 30 महिन्यांसाठी आहे. 3 ते 7 गुण आले तर पुढचे प्रश्न विचारायचे, 8 किंवा जास्त आले तर सरळ तपासणीला पाठवायचं.

आणि त्याच वयात मूल एकदा हमखास आपल्या हाती येतं. 16 ते 24 महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि डीपीटीचा बूस्टर असतो. त्या दिवशी आईला चार प्रश्न विचारले तरी खूप. नावाने हाक मारली की बघतं का? बोट दाखवून काही दाखवतं का? तुम्ही बोट दाखवलं तिकडे बघतं का? खोटं खोटं जेवण भरवतं का?

याच योगायोगाने लसीवर आळही येतो. लक्षणं नजरेत भरायचं वय आणि लसीचं वय एकच. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लसीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, 1998 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला वेकफील्डचा लेख 2010 मध्ये मागे घेतला गेला. 2019 मध्ये डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला, एमएमआर लसीने धोका वाढल्याचं दिसलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढची पन्नास पोस्टी वाचतील.

संत्रा_बर्फी

डॉक्टर, आणि गरोदरपणातली क्रोसिन, म्हणजे पॅरासिटामॉल? सप्टेंबर 2025 मध्ये ट्रम्पने तिचा ऑटिझमशी संबंध सांगितला तेव्हापासून माझी बहीण रडते आहे. तिने ताप आला म्हणून घेतली होती.

ओपीडी_नंबर_पाच

बहिणीला सांगा, रडू नका. स्वीडनमधल्या सुमारे 25 लाख मुलांचा अभ्यास 2024 मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात आला. वरवर अगदी किंचित फरक दिसला, पण एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केल्यावर तोही राहिला नाही. गरोदरपणात तापाकडे दुर्लक्ष करणंच धोक्याचं.

बेलफास्टात_वऱ्हाडी

मूळची अकोल्याची, शिक्षण नागपूरला, आता उत्तर आयर्लंडमध्ये नर्स. इथलं सांगते, कारण इथे हे आकडे सरकार दरवर्षी छापतं.

शाळेच्या गणनेवरून ऑटिझमचं निदान असलेली मुलं काढतात. 2009-10 मध्ये 1.2 टक्के होती, 2022-23 मध्ये 5 टक्के. अहवालात मुलगा-मुलगी, शहर-खेडं, श्रीमंत-गरीब वस्ती असं सगळं वेगळं असतं. आणि गंमत म्हणजे इथे प्रमाण गरीब वस्त्यांत जास्त दिसतं. तपासणी फुकट आहे, म्हणून गरिबांची मुलंही मोजली जातात. आपल्याकडे हेच नेमकं उलट दिसेल असं मला वाटतं. नागपूरच्या जरीपटका-प्रतापनगरात जास्त, गडचिरोलीतल्या दुर्गम एटापल्लीत शून्य. एटापल्लीत ऑटिझम नाही म्हणून नव्हे.

पण इथलं फार गोड मानू नका. उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेचं म्हणणं, रेफरलनंतर (चिठ्ठी दिल्यावर) 3 महिन्यांत तपासणी सुरू व्हावी. प्रत्यक्षात मुलं वर्षावर वर्षं रांगेत असतात. मोजणी चांगली झाली, माणसं तेवढी वाढली नाहीत. चिठ्ठ्या वाढवायच्या आधी चिठ्ठी घेणारी माणसं आहेत का, हे बघा.

ओटी_मी

हेच लिहायला आले. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, खासगी सेंटरमध्ये आहे, म्हणून "धंद्या"चं उत्तर माझ्याकडे.

धंदा फोफावला कारण मागणी आहे आणि सरकारी ठिकाणी तपासणी झाली तरी आठवड्याला नियमित थेरपी मिळणं कठीण. त्या फटीत आमच्यासारखेही आले आणि दोन महिन्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलेही आले. पालकांनी सरळ नोंदणी क्रमांक विचारावा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, विशेष शिक्षक यांच्याकडे आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, सीआरआर नोंदणी नंबर हवा. ओटी आणि फिजिओची नोंदणी महाराष्ट्रात वेगळ्या परिषदेकडे असते. विचारल्यावर जो चिडतो, तिथून उठावं.

"सहा महिन्यांत नॉर्मल करून देतो" असं पॅकेज कोणी दिलं तरी उठावं. आणि स्टेम सेल! गोंदिया-बालाघाटकडचे पालक शेत गहाण टाकून जातात हो. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं याला मान्यता देत नाहीत, नॅशनल मेडिकल कमिशननेही ऑटिझमसाठी हा उपचार करू नये असंच सांगितलंय. तरी जाहिराती चालूच.

एक निरीक्षण, आकडा नाही. पूर्वी माझ्याकडे मुलं पाच-सहा वर्षांची यायची, शाळेने काढल्यावर. आता दोन-अडीचची येतात. बहुतेकांना कोणत्या तरी मावशीने रील पाठवलेला असतो. रीलला कितीही नावं ठेवा, दोन वर्षं वाचली.

गोंदिया_पॅसेंजर

मी तिरोड्याचा. मुलगी सात वर्षांची. मुलींचं प्रमाण कमी असतं म्हणून आम्हाला दोन ठिकाणी सांगितलं की लाजाळू आहे. ती दुसऱ्या मुलींची नक्कल करून वेळ मारून नेते, घरी आल्यावर डोकं आपटते. शेवटी नागपुरात कळलं.

थेरपीसाठी सकाळच्या गाडीने येतो, रात्री परत. दर आठवड्याला शक्य नाही. दिव्यांग प्रमाणपत्र कसं काढायचं ते कोणी सांगेल का? आमच्याकडे कोणी म्हणतं नागपूरला काढा, कोणी म्हणतं गोंदियात.

ओटी_मी

भाऊ, अर्ज ऑनलाइन होतो, यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर, आणि तुमच्या जिल्ह्याचं रुग्णालय निवडता येतं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार 7 वरून 21 झाले, त्यात ऑटिझम स्वतंत्र आहे. आयसा नावाची 40 मुद्द्यांची मोजपट्टी लावतात. 70 च्या खाली ऑटिझम नाही, 70 ते 106 सौम्य, 107 ते 153 मध्यम, त्यावर तीव्र. लहान वयात प्रमाणपत्र बहुधा तात्पुरतं मिळतं, मुदत बघून नूतनीकरण करा.

दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर जुन्या कररचनेत आईबापाच्या उत्पन्नातून 75,000 रुपयांची वजावट, 80 टक्के किंवा जास्त असेल तर 1,25,000. नॅशनल ट्रस्टची निरामय विमा योजना जरूर घ्या, 1 लाखापर्यंत आहे आणि थेरपीचाही काही खर्च त्यात बसतो. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळतो, पण त्याचे कागद नववीतच जमवायला लागा.

आणि सेंटरला म्हणा, महिन्यातून एकदा येतो, घरी काय करायचं ते आईला शिकवा, मधे व्हिडिओवर बघा. चांगला थेरपिस्ट नाही म्हणणार नाही.

खिडकीजवळची

भाऊ, मुलीचं डोकं आपटणं शाळेतून आल्यावर लगेच असेल, तर आल्या आल्या काही विचारू नका, अर्धा तास अंधाऱ्या खोलीत एकटं बसू द्या. आमच्याकडे फरक पडला. गाडीने याल तेव्हा फोन करा, मेडिकल चौकापासून मी जवळच आहे. नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवते.

धंतोलीकर

बरं बाबा, मोबाइलचं मागे घेत नाही, पण बाकीचं वाचलं. एक विचारायचं राहूनच गेलं. भारतात एकूण किती आहेत?

आकडेमोड

शोधलं मी. 2018 मध्ये प्लॉस मेडिसिनमध्ये छापलेला घरोघरचा अभ्यास आहे, 2 ते 9 वर्षांच्या मुलांचा. हरियाणातलं पलवल, हिमाचलातलं कांगडा, ओडिशातलं ढेंकनाल, उत्तर गोवा आणि हैदराबाद. ऑटिझम, ऐकू न येणं, अपस्मार, बौद्धिक अक्षमता असे विकार एकत्र धरले तर साधारण आठात एका मुलाला काही ना काही होतं. त्यात ऑटिझम शंभरात एकाच्या आसपास. महाराष्ट्रातलं एकही ठिकाण नाही. विदर्भाबद्दल बोलायला आपल्याकडे ओपीडीची रजिस्टरंच आहेत.

म्हणून म्हणतो, "वाढले का" हे विचारून उपयोग नाही, या रजिस्टरांना ते ठाऊकच नाही. त्यांना ठाऊक असलेलं विचारू. मूल पहिल्यांदा आलं तेव्हा किती महिन्यांचं होतं, कोणत्या तालुक्यातून आलं, मुलगा की मुलगी, कोणी पाठवलं. अमेरिकेतही पहिल्या निदानाचं मध्यम वय 47 महिने आहे, म्हणजे जवळजवळ चार वर्षं. आपलं किती, आणि काटोलचं व धंतोलीचं वेगवेगळं किती? हे वय वर्षागणिक खाली येत असेल तर संख्या वाढली तरी मी खूश.

माहिती अधिकारात अर्ज करतोय. 10 रुपयांचा स्टॅम्प, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एकच विषय आणि 150 शब्दांत. मसुदा असा:

"राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत नागपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2019 पासून विकासात्मक विलंबासाठी संदर्भित केलेल्या बालकांच्या नोंदवहीची प्रत, नावे व पत्ते वगळून, वय, लिंग, तालुका, संदर्भित केल्याची तारीख, प्रत्यक्ष तपासणीची तारीख आणि निदान हे रकाने कायम ठेवून."

काही सुचवायचं?

ओपीडी_नंबर_पाच

"विकासात्मक विलंब" बरोबर "वर्तनविषयक विकार (ऑटिझम)" असं लिहा. त्यांच्या फॉर्मवर तोच शब्द आहे. नाहीतर "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येईल.

बेलफास्टात_वऱ्हाडी

चिठ्ठी दिली पण मूल पोचलंच नाही, त्या ओळीही मागा. तपासणीची तारीख कोरी असलेल्या. खरी गोष्ट त्यातच असेल.

काटोलची_ताई

आणि काका, तालुका मागाल तर गावाचं उपकेंद्रही मागा. आमच्या तालुक्यात रोडवरची गावं वेगळी आणि आतली वेगळी.

आकडेमोड

तिन्ही घातलं. 150 शब्दांत बसतंय. सोमवारी देतो, 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. प्रत इथेच टाकेन.